पणजोबा कुठल्या वहीत असतील? गोव्यात साध्या माणसाचा माग काढताना

राणे, देसाई किंवा मोठे भाटकार (जमीनदार) यांच्या घराण्यांचा इतिहास जुळवायला फारसं अडत नाही. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं असतं, नाहीतर सरकारने त्यांच्याविषयी लिहिलेलं असतं. अडतं ते कुळागराला पाणी शिंपणाऱ्या, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, नांगर धरणाऱ्या, दुसऱ्याच्या भाटात खोप घालून राहिलेल्या पणजोबांपाशी. असा माणूस आपणहून कागदावर येत नाही. कोणाला त्याच्याकडून काही घ्यायचं असतं, त्याला काही द्यायचं असतं, किंवा त्याच्या मरणानंतर काही वाटायचं असतं, तेव्हा त्याचं नाव लिहिलं जातं. म्हणून ‘नाव कुठे सापडेल’ यापेक्षा ‘या माणसाशी कोणाचं देणं-घेणं होतं’ हा प्रश्न धरून चाललेलं बरं.

पहिली दारं घरातलीच. वयस्क आत्या, मावशी, काकी यांना ‘आपला इतिहास सांग’ म्हटलं तर त्या देवाची गोष्ट सांगतात. त्याऐवजी विचारायचं, आपण सुतक कोणाकोणाचं पाळतो? दहा दिवस कोणाचं, तीन दिवस कोणाचं? या एका प्रश्नातून भाऊबंदांची यादी निघते, आणि दोन पिढ्यांपूर्वी भांडून वेगळे झालेले, आज बोलणंही नसलेले चुलतेसुद्धा तीत येतात. दुसरा प्रश्न, पणजोबांचं श्राद्ध कोणत्या तिथीला घालतात? ही तिथी जपून लिहून घ्या, पुढे ती फार मोठं काम करते. तिसरा प्रश्न बायकांच्या नावांचा. लग्नात नाव बदलायची पद्धत असल्यामुळे जन्माच्या नोंदीतली ‘विठा’ आणि मृत्यूच्या नोंदीतली ‘राधाबाई’ एकच असू शकते. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि माहेरचा गाव हे तिन्ही नसले तर आजीच्या बाजूचा धागा तिथेच तुटतो.

साल कोणाला आठवत नाही. ‘मानमोडीच्या साथीत गेला’ म्हणजे १९१८ च्या आसपास. ‘दादा राण्याच्या बंडाच्या वेळी पोटात होता’ म्हणजे १८९५ च्या. ‘लोहिया आले तेव्हा शाळेत होता’ म्हणजे १९४६. अशा खुणांवरून पाच वर्षांचा पट्टा ठरवायचा आणि पट्टा म्हणूनच लिहायचा. अंदाजाचं साल एकदा वहीत ठाम लिहिलं की पुढे ते अंदाजाचं होतं हे आपणच विसरतो.

एक जन्मनोंद, ओळीओळीने

पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आलं आणि जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद चर्चच्या हातून सरकारच्या हाती गेली. १९१२ च्या नागरी नोंदणी संहितेनंतर गोव्यातही धर्म कोणताही असो, नोंद सरकारी वहीत होऊ लागली. म्हणून हिंदू कुटुंबासाठी १९१० च्या दशकानंतरचा काळ सोपा आणि त्याआधीचा अवघड. या वह्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रार कार्यालयात असतात, आणि जुने काही खंड पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे गेलेले असतात. कार्यालयात ‘नाही’ असं उत्तर आलं तर लगेच परत फिरू नका. नोंद नाही, की तो खंडच इथे नाही, हे विचारून घ्या. दोन्हींना उत्तर ‘नाही’च मिळतं, पण अर्थ अगदी वेगळा.

अर्ज करताना ‘तेओर’ मागायचा. तेओर म्हणजे वहीतल्या नोंदीची शब्दशः, संपूर्ण नक्कल. साध्या जन्मदाखल्यावर नाव, तारीख, आईवडील एवढंच येतं. खरा ऐवज तेओरमध्ये असतो.

समजा, फोंडा तालुक्यातली १९२७ ची एक नोंद हाती आली. सुरुवातीला नोंदीची तारीख असते, पूर्ण अक्षरांत, ‘हजार नऊशे सत्तावीस’ अशी. ही नोंदणीची तारीख. जन्माची त्याच्या खाली येते, तासासकट. पुष्कळ लोक पहिली तारीखच उचलतात आणि पुढचा सगळा हिशेब चुकवतात. त्यानंतर मुलाचं नाव आणि मग ‘फिल्यु द’, म्हणजे ‘चा मुलगा’. वडिलांच्या नावापुढे ‘काझादु’ असलं तर विवाहित, धंदा ‘लाव्रादोर’ असला तर शेतकरी, ‘झोर्नालैरु’ असला तर रोजंदारीवरचा मजूर, ‘प्रोप्रिएतारियु’ असला तर जमीनमालक. या शेवटच्या शब्दावर लगेच खूश होऊ नये. चार माडांचा धनीही प्रोप्रिएतारियु असू शकतो. ‘नातुराल द’ म्हणजे जन्माने कुठला, ‘मोरादोर’ म्हणजे राहतो कुठे. हे दोन गाव वेगळे असले तर कुटुंब हललं आहे, आणि पुढचा शोध ‘नातुराल’च्या गावात करायचा आहे. 

त्याच्या खालची ओळ सोन्यासारखी. ‘नेतु पातेर्नु’ म्हणजे वडिलांकडचा नातू. तिथे आजोबा-आजी येतात. मग आईकडचे आजोबा-आजी. त्यांच्यापैकी एखाद्या नावापुढे ‘फालेसिदु’ असलं तर १९२७ पूर्वीच तो वारला. एका मुलाच्या जन्मनोंदीतून तीन पिढ्या आणि एका मृत्यूची वरची मर्यादा, एवढं हाती येतं. १९२७ साली ज्याला नातू झाला तो माणूस बहुधा १८८० च्या आधीचा. म्हणजे नोंदणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी जन्मलेला पणजोबा आपल्याला नातवाच्या पानावर भेटतो. यासाठीच फक्त आपल्या थेट पूर्वजांची नोंद काढून थांबू नये. त्यांच्या सगळ्या भावंडांच्या नोंदी काढाव्यात. एका नोंदीत कारकुनाने गाळलेलं आजीचं नाव दुसऱ्या भावंडाच्या नोंदीत मिळतं.

समासही वाचायचा. लग्न किंवा मृत्यू झाला की त्याची टीप पुढे त्याच नोंदीच्या बाजूला घालत असत. 

आणि सगळ्यात खाली सह्या. मजकूर सबंध पोर्तुगीज, पण जन्म कळवायला आलेल्या काकाने सही केलेली असते देवनागरीत, कधी मोडीत. रोमी अक्षरांत मोडलेलं आपलं आडनाव तिथे त्या माणसाच्या हातचं, नीट लिहिलेलं असतं. लिहिता येत नसेल तर तसं नमूद केलेलं असतं, तीही माहितीच. साक्षीदार म्हणून सही करणारे दोघे सहसा शेजारी किंवा सोयरे असतात; त्यांची नावं टिपून ठेवा, दुसऱ्या कागदात तीच माणसं परत भेटतात.

नाव सापडत नाही, कारण ते तसं लिहिलेलंच नाही

जुन्या वह्यांची सूची बहुतेक वेळा आडनावावर लावलेली नसते, पहिल्या नावावर असते. शंकर नाईक शोधायचा तर ‘नाईक’ सोडून द्या आणि शंकरपासून सुरुवात करा. आणि शंकर ‘एस’खाली मिळेलच असं नाही. पोर्तुगीजमध्ये ‘श’साठी ‘एक्स’ हे अक्षर येतं, म्हणून तो ‘एक्स’खाली असेल. १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेने ‘के’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’ ही अक्षरं पोर्तुगीज वर्णमालेतून जवळजवळ बाहेर काढली. त्यामुळे कामत ‘सी’खाली, तर केशव आणि केरकर ‘क्यू’खाली जातात. ‘के’चं पान उघडून ‘आमच्यांपैकी कोणीच नाही’ म्हणणारे दर आठवड्याला दोघे तरी असतील.

पोर्तुगीज कानाला महाप्राण ऐकू येत नाहीत. भिकूचा बिकू होतो, धाकूचा दाकू, ठाकूरचा ताकूर, घाडीचा गादी. त आणि ट, द आणि ड यांतही फरक उरत नाही. शिवाय लेखनिकाने बोलीतला उच्चार पकडलेला असतो, म्हणून वामनचा ‘वामोना’, प्रभूचा ‘पोरोबो’, भटाचा ‘बोतो’, शेणवीचा ‘सिनाय’. शोधाला निघण्यापूर्वी आपल्या नावाची अशी चार-पाच रूपं कागदावर मांडून घ्यावीत आणि सूची उघडल्यावर सगळी पाहावीत.

टोपणनावांचा घोळ वेगळा. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून भिकू, फटू, धाकू अशी नावं ठेवत, आणि घरात बाबू, भाई, आबा. कळवायला गेलेल्या माणसाने जे सांगितलं ते वहीत गेलं. कधी ‘आलियास’ असा शब्द टाकून दोन्ही नावं दिलेली असतात.

त्याहून मोठा चकवा आजोबा-नातू एकाच नावाचे असण्याचा. रामा विठू, त्याचा मुलगा विठू रामा, त्याचा परत रामा विठू. कागदात ‘रामा विठू, राहणार केरी’ एवढंच असलं तर तो १८७० चा की १९३० चा हे बायकोच्या नावावरून, धंद्यावरून किंवा वयावरून ठरवायचं. त्याशिवाय झाडात जोडायचं नाही. केरी नावाचे गाव गोव्यात एकाहून जास्त आहेत, फोंड्यात, सत्तरीत आणि पेडण्यातही, हे पण लक्षात असू द्या.

इथे श्राद्धाची तिथी कामाला येते. मृत्यूच्या वहीत दोन रामा विठू मिळाले, एक १९२१ चा, एक १९२४ चा. घरी श्राद्ध भाद्रपद वद्य सप्तमीला. दोन्ही तारखांच्या तिथी पंचांगावरून काढायच्या. एकच तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की पुढे उडी घेते, त्यामुळे दोन वेगळ्या वर्षांतल्या दोन तारखांना तीच तिथी योगायोगानेच जुळेल. जी जुळते ती आपली. मात्र पंचांग अमान्त पद्धतीचं घ्यावं. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पंचांगात वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव असतं. आपल्या भाद्रपद वद्याला ते आश्विन कृष्ण म्हणतात, आणि इंटरनेटवरची बरीच साधनं तसंच दाखवतात. पहाटेचा मृत्यू असेल तर एका दिवसाचा फरक सोडून द्यायचा.

महिन्यांच्या संक्षेपातही पाय घसरतो. जुन्या हस्ताक्षरात ‘७ ब्रो’ म्हणजे सप्टेंबर. सात म्हणजे लॅटिन ‘सेप्तेम’, म्हणून सेप्टेंबर, जुलै नव्हे. तसंच ‘८ ब्रो’ ऑक्टोबर, ‘९ ब्रो’ नोव्हेंबर.

१९१० च्या मागे

ख्रिस्ती कुटुंबांना इथे मोठा आधार आहे. चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या वह्या तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागांत, फार मागे जातात. त्यांचे जुने खंड पुराभिलेखात, अलीकडचे त्या त्या चर्चमध्ये. बाप्तिस्म्यात पाद्रीन-मादीन, म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, यांची नावं येतात, आणि ती बहुधा नात्यातलीच असतात.

हिंदूंना असा एकच सलग धागा नाही, तुकडे जोडावे लागतात. गावकार, म्हणजे गावाच्या मूळ घराण्यांपैकी, असाल तर कोमुनिदाद, म्हणजे गावकारांची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था. गावकारीचं उत्पन्न गावकारांत वाटलं जाई, त्या वाट्याला पोर्तुगीज कागदांत ‘जोनो’ म्हणतात. मुलगा ठरलेल्या वयाचा झाला की त्याचं नाव चढवायचं, आणि ते वय गावागणिक वेगळं. नाव चढवताना बाप कोण आणि वांगड (गावकारांमधला कुळगट) कुठला हे सिद्ध करावं लागे, म्हणून या वह्या पुरुषांच्या वंशावळीच आहेत. बायका त्यांत नाहीत, हा त्यांचा मोठा उणेपणा. तिसवाडी, बार्देश, साष्टीपुरतं हे चित्र विशेष भरीव आहे. आणि पणजोबा गावकार नसले तरी ही दफ्तरं सोडू नयेत. शेतं, तळी, माड यांची पावणी (लिलाव) झाली की बोली जिंकणाऱ्याचं आणि त्याला जामीन राहणाऱ्याचं नाव लिहिलं जाई. तिथे कष्टकरी माणूस भेटतो.

महाजन, म्हणजे देवळाचे हक्कदार सभासद, असाल तर देवस्थान. १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली महाजनांची यादी ठेवावी लागते, तिला आपल्याकडे ‘कातालोग’च म्हणतात. देवस्थानांचा प्रशासक मामलेदार, त्यामुळे समितीकडे वही नसली तर मामलेदार कचेरीत विचारता येतं. देवावरून मूळ गावाचाही अंदाज लागतो. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. आज पिढ्यान्‌पिढ्या फोंड्यात राहणाऱ्या घराचं कुलदैवत यांपैकी असेल तर सोळाव्या शतकापूर्वीचा गाव बहुधा साष्टी-मुरगाव पट्ट्यात. ‘बहुधा’ एवढंच, दैवत मानणारे सगळेच तिथून आले असं नाही.

कुटुंबात बाप लवकर गेला आणि पोरं अज्ञान राहिली असतील तर, वाईट वाटलं तरी, संशोधनाच्या दृष्टीने हा भाग्याचा प्रसंग. पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू आहे. वारसांत अज्ञान मूल असलं की कोर्टाकडून इन्व्हेंतार, म्हणजे मालमत्तेची यादी आणि वाटणी, करणं भाग होतं. त्या फायलीत विधवेचं नाव, प्रत्येक मुलाचं वय, मुलांच्या हितासाठी नेमलेल्या कुटुंब-मंडळातले बापाकडचे आणि आईकडचे नातेवाईक, आणि घरातल्या वस्तूंची यादी असते. तांब्याचे हंडे किती, पितळी समई किती, गाय किती रुपयांची, माड किती, कोणाचं कर्ज किती. रक्कम रुपया-तांगांत येते. सोळा तांगांचा एक रुपया. पणजोबांचं घर कसं होतं हे सांगणारा इतका नेमका दुसरा कागद नाही. तो जुन्या कोर्टदफ्तरात किंवा पुराभिलेखात मिळतो, आणि फायल कोणत्या सालातली हे मृत्यूच्या तारखेवरून ओळखायचं. आधी मृत्यूची नोंद, मग इन्व्हेंतार, हा क्रम त्यासाठीच.

याच्या जोडीला नोटरीच्या वह्या. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वारस ठरवणारं खत. जमिनीच्या खतात चतुःसीमा लिहितात, ‘पूर्वेला अमक्याचं भाट, दक्षिणेला तमक्याचं घर’. स्वतः एक वितीचाही खरेदीव्यवहार न केलेला पणजोबा शेजाऱ्याच्या खतात पूर्वेला उभा असतो. १८३७ पासून निघणाऱ्या ‘बोलेतीं’ या सरकारी राजपत्रामध्येही वारसांना हजर राहायला सांगणाऱ्या नोटिसा, नेमणुका, परवाने येतात. ते चाळणं कंटाळवाणं आहे, तेव्हा साल माहीत असल्याशिवाय त्यात शिरू नये.

जमीनच नसलेल्यांसाठी उलट्या बाजूने यावं. गोवामुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा, १९७० च्या दशकातली मोजणी, १९७५ चा मुंडकार कायदा, यांमुळे कुळं आणि मुंडकार (भाटकाराच्या जागेत घर करून राहणारे) पहिल्यांदाच मोठ्या संख्येने नावानिशी कागदावर आले. ‘एक-चौदा’च्या (जमिनीच्या) उताऱ्यात कुळाच्या रकान्यात आजोबा मिळतील, मामलेदाराकडच्या खटल्यात ‘माझ्या बापापासून, आजापासून कसतो’ असं शपथेवर सांगितलेलं असेल, आणि भाटकाराला दिलेल्या खंडाच्या, म्हणजे जमिनीच्या भाड्याच्या, पावत्या पुरावा म्हणून जोडलेल्या असतील. त्या पावत्या कधी कधी मुक्तीपूर्वीच्या असतात. देवळाची चाकरी करणाऱ्या घरांना सेवेबद्दल जमीन दिलेली असे. पोर्तुगीज दफ्तरांत तिच्यासाठी ‘नामोशीं’ हा शब्द पाहायचा.

पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेलं, डिचोली १७८१ मध्ये, फोंडा १७६३ मध्ये. त्यापूर्वीचे या भागातले कागद मोडीत असायचे, आणि नंतरही गावपातळीवर मराठी-मोडी पुष्कळ काळ चालली. मोडी वाचणारा माणूस गाठावा; मोबाइलवर काढलेला फोटो तिरका, सावलीत किंवा कडा कापलेला असला तर त्यालाही काही करता येत नाही. पान सपाट ठेवून, बाजूने उजेड घेऊन, सबंध पान टिपावं आणि त्याचबरोबर वहीचं मुखपृष्ठ व पान क्रमांक. नुसत्या कापलेल्या चौकटीच्या फोटोचा सहा महिन्यांनी काही उपयोग राहत नाही, कारण तो कुठल्या वहीतला हेच आठवत नाही. जुनी शाई लोहाची असते, ती कागद खाते. पान चिकटलेलं दिसलं तर स्वतः सोडवायला जाऊ नका, तिथल्या माणसाला सांगा.

कागद एकमेकांशी भांडतात तेव्हा

शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, तेओरवर दुसरी, हे इतकं सर्रास आहे की जुळली तर संशय यावा. शाळेत मास्तरांनी वय बसवलेलं असतं. नोंदणीला उशीर झाला की दंड टाळण्यासाठी जन्मच चार दिवस पुढे ढकललेला असतो. मृत्यूच्या नोंदीतलं वय शेजाऱ्याने अंदाजाने सांगितलेलं, म्हणून ते ‘साठ’, ‘सत्तर’ असं गोल येतं. घटनेच्या जितका जवळ लिहिलेला आणि जितक्या जवळच्या माणसाने सांगितलेला, तितका कागद खरा धरावा. आईने सांगितलेली जन्माची तारीख आणि शेजाऱ्याने सांगितलेलं मृत्यूचं वय यांत पहिलीला वजन. दुसरं खोडायचं नाही, बाजूला लिहून ठेवायचं.

आडनाव बदललेलं असलं तर अनेकदा तो बदल मुक्तीनंतरचा असतो. १९९० च्या नाव-आडनाव बदलाच्या कायद्याखालचे बदल राजपत्रात छापून येतात, तेव्हा जुनं आडनाव घरात कोणाला आठवत नसलं तरी तिथे जोडी मिळते. तालुकाही बदलतो. धारबांदोडा नंतर वेगळा झाला, त्यामुळे तिथल्या गावांच्या जुन्या नोंदी सांगे किंवा फोंड्यात शोधाव्या लागतात.

नोंदींत ‘बाप अज्ञात’ असंही येईल. एखाद्या घरात त्यावरून मोठं मौन असतं. कायद्याच्या नोंदीचं लग्न नसेल तर नांदत्या घरातल्या मुलाच्या नावापुढेही असं लागू शकतं, आणि देवळाशी बांधलेल्या बायकांच्या मुलांच्या नावापुढे तर बहुतेकदा. कागद कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यापूर्वी घरातल्या थोरांशी बोलून घ्यावं.

सगळं संपलं असं वाटतं तेव्हा नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण. पणजोबा किंवा त्यांचा भाऊ तिथे क्रियाकर्माला गेला असेल तर तीर्थोपाध्यांच्या नामावळीत त्याने स्वतःचं, बापाचं, आज्याचं, भावांचं आणि मुलांचं नाव सांगून लिहिलेलं असेल, खाली तिथी. तिथे आडनावाआधी गाव विचारतात, तेव्हा मूळ गाव, त्याचं जुनं नाव आणि तालुका लिहून न्या. शोध झाला की उपाध्ये तीच वही पुढे सरकवून तुमची माहिती लिहायला सांगतात. तेव्हा बायकोचं, सुनेचं, आईचं माहेरचं नावही लिहा. मागच्यांनी गाळलेली नेमकी तीच ओळ आहे.